फॉरमॅट मारू देऊ नका

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

काल आई फोनवर म्हणाली की कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला सांगून गेलाय, विंडोजची सीडी असेल तर द्या नाहीतर फॉरमॅटच मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल, आणि बाबा तुम्ही जवळजवळ हो म्हणून बसलायत. प्लीज, तेवढं करू देऊ नका. सोसायटीचे एवढ्या वर्षांचे हिशोब, आजीचे फोटो, सगळं त्यात आहे आणि दुसरीकडे कुठेच नाहीये.

तुम्ही सांगितलंत ते असं की फोल्डर उघडलं की विंडो दिसते न दिसते तोच बंद होते, खालची पट्टी आणि आयकॉन सगळेच गायब होतात आणि थोड्या वेळाने परत येतात. पण एक्सेल उघडून तिथून हिशोबाची फाईल मात्र व्यवस्थित उघडली. म्हणजे फाईल्स जागेवर आहेत, त्या दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, एक्सप्लोरर, बिघडलाय. डेस्कटॉप आणि खालची पट्टीही तोच सांभाळतो, म्हणून तो पडला की सगळंच एकदम जातं.

सीडीचं म्हणाल तर जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात ते खरं होतं, खराब फाईल बदलायला मशीन खरंच सीडी मागायचं. तुमच्याकडे विंडोज १० आहे, त्यात सिस्टिमच्या चांगल्या फाईल्सचा साठा डिस्कवरच एका वेगळ्या फोल्डरमधे असतो, आणि तो साठाच खराब झाला असेल तर नेटवरून मायक्रोसॉफ्टकडून दुरुस्त करून घेता येतो.

आधी एक्सेलमधूनच हिशोबाच्या फाईल्स सेव्ह ॲज करून पेनड्राईव्हवर घ्या. फोटोंचं तसं जमणार नाही, ते मी फोनवर असताना कमांडने कॉपी करू, आणि ते होईपर्यंत पुढचं काही करू नका.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तो वेगळा प्रोग्राम आहे त्यामुळे एक्सप्लोरर पडलेला असला, अगदी स्क्रीन काळी झालेली असली तरी तो येतो. छोटीच खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स आहे त्यावर क्लिक करा, तेव्हाच वर फाईल मेनू दिसतो. त्यात रन न्यू टास्क, चौकटीत सीएमडी टाईप करायचं आणि खालच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्हवाल्या डब्यात टिक करायची, ती टिक करायची राहून गेली तर पुढचं काहीच चालणार नाही.

काळी खिडकी आली की दोन कमांड द्यायच्यात, दोन्ही मी व्हॉट्सॲपवर मोठ्या अक्षरात पाठवल्यात, मधल्या स्पेससकट तश्शाच टाईप करा. पहिली डिझमची, ती तो चांगल्या फाईल्सचा साठा दुरुस्त करते, तिला नेट लागतं आणि ती मधेच एखाद्या टक्क्यावर बराच वेळ अडकून बसल्यासारखी दिसते. बसू द्या, खिडकी बंद करू नका, लाईट जाण्याची वेळ असेल तर त्या वेळी सुरूच करू नका. ती संपली की दुसरी, एसएफसी स्कॅननाऊ. ही सिस्टिमची एकेक फाईल तपासते आणि खराब सापडली तर त्या साठ्यातली चांगली आणून बसवते. शंभर टक्के झाले की शेवटी जे इंग्रजी वाक्य येईल त्याचा फोटो काढून मला पाठवा आणि मग मशीन रीस्टार्ट करा.

काहीच खराब सापडलं नाही असं आलं तर माझा संशय दुरुस्तीवाल्याने मधे टाकून दिलेल्या त्या झिपच्या, म्हणजे फाईल्स दाबून लहान करणाऱ्या, प्रोग्रामवर आहे. असले प्रोग्राम राईट क्लिकच्या मेनूत शिरतात आणि एक्सप्लोररला घेऊन पडतात. सेटिंग्जमधे ॲप्समधून तो काढून टाकू. त्यानेही नाही झालं तर विंडोजमधेच रीसेटची सोय आहे, त्यात कीप माय फाईल्स निवडलं की तुमच्या फाईल्स राहतात पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात, म्हणजे बाबांचं मराठी टायपिंगही जाईल, म्हणून ते अगदी शेवटी आणि मी फोनवर असतानाच.

आई, तू बाबांच्या शेजारी बस आणि कमांड वाचून दाखव, घाईत त्यांच्याकडून स्पेस द्यायची राहून जाते. आणि मधेच कुणी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणून फोन केला तर सरळ ठेवून द्या, ते स्वतःहून कुणाला फोन करत नाहीत.

रविवारी सकाळी नाश्ता झाला की मिस कॉल द्या, मी मोकळीच आहे.

तुमची,
मनू