डोळे तपासले, कान तपासले, मनाचं काय?

संपादक महोदय,

माझ्या काकांची नजर गेली तेव्हा ड्रॉप्स, तपासण्या सगळं नीट सांगितलं गेलं पण मनाचं कोणी विचारलंच नाही. पुढे त्यांना भिंतीवर नक्षी, समोर अनोळखी माणसं दिसायला लागली आणि लोक वेडा म्हणतील या भीतीने ते कित्येक महिने गप्प राहिले. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात, स्विस शास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेंनी १७६० मध्येच आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय. नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, हे वेड नाही. एवढं वेळेवर कळलं असतं तरी काका रात्री झोपले असते हो.

कमी ऐकू येणाऱ्यांचंही तेच, दिवसभर ओठ बघून अंदाज बांधून मेंदू पार थकतो मग माणूस चारचौघात जाणंच सोडतो आणि घरचे म्हणतात तऱ्हेवाईक झालाय. सीबीटीसारख्या, म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने मदत होऊ शकते, पण ऐकूच न येणाऱ्याला फोनवर काउन्सेलिंग देऊन काय होणार? चेहरा दिसेल असं उजेडात बसून बोला, लिहून दाखवा, साइन लँग्वेज येणारा थेरपिस्ट द्या. हिअरिंग एड लिहून देताना त्याच कागदावर काउन्सेलरचं नाव लिहायला काय हरकत आहे?

- एक वाचक