फ्लूची लस पावसाआधी द्या : आरोग्य प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य प्रमुख, पुणे महानगरपालिका

स. न. वि. वि.

पुण्यात फ्लू जोर धरतो तो जुलै ते सप्टेंबरमध्ये. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात, म्हणून साठीपुढच्यांना लस मे महिन्यात मिळायला हवी. ऑगस्टमध्ये रुग्ण वाढल्यावर मागणी नोंदवली तर निविदा निघेपर्यंत गणपती येतात. दक्षिण गोलार्धाच्या लशीत कोणते विषाणू असावेत हे जागतिक आरोग्य संघटना आदल्या सप्टेंबरमध्येच सांगते. खरेदीची फाइल जानेवारीत हलवायला अडचण नसावी. गेल्या हंगामाचा उरलेला साठा मात्र वापरू नये.

मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्येच घेतला. दरमहा बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला येणारे आजी-आजोबा याच गटातले. त्यांना गोळ्यांच्या खिडकीवरच विचारा. ‘गुरुवारी या, वरच्या मजल्यावर’ म्हटले की गुडघेदुखीवाले परत येत नाहीत. महापालिकेची विरंगुळा केंद्रे यासाठी उत्तम : पायऱ्या नसलेले केंद्र निवडावे, हाताच्या खुर्च्या, टोचल्यावर अर्धा तास बसायला जागा आणि तीव्र अ‍ॅलर्जी आलीच तर लागणारा अ‍ॅड्रेनॅलिन इंजेक्शनचा संच एवढे पुरे.

पेठांतल्या वाड्यांचे लाकडी जिने न उतरू शकणाऱ्यांचे काय? २०२१ मध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना घरी कोविड लस देण्याच्या प्रयोगासाठी राज्याने पुणेच निवडले होते. तीच पद्धत पुन्हा वापरता येईल. घरी लस नेताना चूक होते ती आईसपॅकमध्ये. फ्रीजरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या पेटीत) ठेवला की लस गोठते, आणि गोठून वितळलेली फ्लूची लस दिसायला अगदी चांगल्या लशीसारखीच असते. पॅक हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवावा; लस २ ते ८ अंशांतच राहावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना बारीक सुई वापरून जागा दोन मिनिटे दाबून धरावी, चोळू नये. एवढ्यासाठी त्यांना परत पाठवण्याचे कारण नाही.

न्यूमोनियाच्या लशीत गोंधळ क्रमाचा. या लशी वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत : पीसीव्ही-१३ आधी, पीपीएसव्ही-२३ साधारण वर्षाने. पीसीव्ही-२० मिळाली तर एकच डोस. वर्षभरापूर्वी काय टोचले हे पेशंटला आठवत नाही आणि लसीकरण नोंदीच्या सरकारी पोर्टलची, यू-विनची, रचना गरोदर माता व बालकांभोवती आहे. ज्येष्ठांच्या नोंदीची सोय होईपर्यंत बीपीच्या कार्डामागे लशीचे नाव, बॅच आणि तारीख लिहिण्याचे आदेश काढावेत. त्याला निविदा लागत नाही.

आपले,
ज्येष्ठांच्या लसीकरणाचे काम करणारे डॉक्टर व परिचारिका, पुणे