फिल्म पुरत नाही, मूळ प्रतिमा हव्यात

मा. संपादक,

स्कॅनवरून गाठीच्या वाढीचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतींवरचा लेख वाचला. त्यात एक मुद्दा राहून गेला. मी निवृत्त गणित शिक्षिका आहे आणि हा मुद्दा मला स्वतःच्या अनुभवातून कळला.

माझ्या फुप्फुसात सीटी स्कॅनमध्ये ८ मिमीची गाठ दिसली. सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात ती १० मिमी भरली. ‘दोनच मिलिमीटर ना!’ असं घरचे म्हणाले. पण ८ चा घन ५१२ आणि १० चा १०००. व्यास पाव पटीनं वाढला, तर गोलाचं घनफळ जवळजवळ दुप्पट होतं. फुप्फुसातली गाठ ४०० दिवसांच्या आत दुप्पट झाली, तर डॉक्टर तिच्याकडे संशयानं पाहतात. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

नंतर समजलं, की सीटी स्कॅन शरीर आडव्या कापांच्या चित्रांत दाखवतो आणि पहिल्या स्कॅनचे काप ५ मिमी जाडीचे होते, दुसऱ्याचे १ मिमीचे. जाड कापांत एवढीशी गाठ जेमतेम दोन-तीनदा दिसते, तिची कड नेमकी धरता येत नाही. वाढ खरी की मोजणीतली, हे तपासायला पहिल्या स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा हव्या होत्या. केंद्राने त्या पुसून टाकल्या होत्या, माझ्या हाती फक्त फिल्म. शेवटी तीन महिने थांबून १ मिमीच्याच कापांनी तिसरा स्कॅन केला. घनफळ होतं तेवढंच होतं.

मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठीसाठी संशोधक एमआरआयवरून दोन गोष्टी काढतात: पेशी किती वेगानं वाढतात आणि आजूबाजूला किती वेगानं पसरतात. त्यावरून समीकरण मांडून पुढची वाढ वर्तवतात. बायोप्सीत सुईनं एका जागचा तुकडा मिळतो, स्कॅनमध्ये अख्खी गाठ दिसते, म्हणून मला या कामाचं फार मोल वाटतं. (पेशी कसल्या आहेत हे मात्र अजून बायोप्सीच खात्रीनं सांगते. डॉक्टरांनी सांगितली तर ती टाळू नये.) पण समीकरणात घालायचे आकडेच कच्चे असतील तर उत्तर कुठून बरोबर येणार?

म्हणून केंद्रांना विनंती: फिल्मसोबत डायकॉम प्रतिमांची (म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची) सीडी न मागता द्या, अहवालात कापांची जाडी लिहा आणि फेरतपासणी त्याच जाडीनं करा. रुग्णांनीही पहिली सीडी जपावी. माझ्या तिसऱ्या स्कॅनच्या दोन प्रती मी दोन वेगळ्या घरांत ठेवल्या आहेत.

– एक निवृत्त गणित शिक्षिका