पंपवाल्याला दोष देण्याआधी कॅम मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इंजिन नवं बांधून आणलं तरी ट्रक उभ्या जागी थरथरतो, पंपवाल्यानं फसवलं,’ असं एका ट्रकमालकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. पंपवाला म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणारा; मी त्याचा वकील नाही. पण कोल्हापुरात ३४ वर्षं ट्रकची इंजिनं बांधली, आणि पंपावर आळ घेण्याची ही चूक मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून लिहितो.

टाटाचं ६९७ इंजिन होतं. म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). उसाचा हंगाम तोंडावर आलेला. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं घातलं. जुन्या कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, दोन-तीन लोब (उंचवटे) झिजले होते. नवा घ्यायचा तर मालकाचं बजेट कोलमडत होतं, म्हणून वेल्डिंगनं भरून पुन्हा घासलेला कॅम मी बसवला. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवल्या, टॅपेट लावले, बिल केलं.

रस्त्यावर गाडी झकास पळायची. रेस दिली की काही तक्रार नाही. पण सकाळी गार इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, सोडलं की आरसे थरथरायचे, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. तापलं की निम्मं दुखणं गायब. पंप दोनदा बेंचवर चढवला, डिझेल फवारणारे नोझल बदलले. पंपवाल्याशी भांडलोही. शेवटी एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडत गेलो. बाकी सिलिंडरना इंजिन लगेच बसायचं, ३ नंबरला मात्र आवाज जेमतेम बदलला. तो गडी आयडलला नुसता ओझं होऊन बसला होता.

मग पुठ्ठ्याची अंशांची चकती कापून क्रँकच्या पुढच्या पुलीला लावली, पुश रॉडवर (लोबची उचल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांडीवर) ती उचल मोजणारा डायल गेज टेकवला आणि इंजिन हातानं फिरवलं. ३ नंबरचा इनलेट (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा १५ अंश उशिरा मिटत होता. घासणाऱ्यानं लोबचा आकारच बदलला होता.

पिस्टन तळातून वर निघाला तरी इनलेट काही अंश उघडाच ठेवलेला असतो. इंजिन जोरात फिरत असताना आत धावणारी हवा आपल्याच वेगानं भरत राहते, त्यासाठी ही सोय. पण ६०० आरपीएमला एकेक सिलिंडर सेकंदाला पाचदाच पेटतो, हवेला कसला आलाय जोर! व्हॉल्व्ह उशिरा मिटला की पिस्टन तीच हवा मागे ढकलतो. दाब कमी, म्हणून ती पुरेशी तापत नाही. आणि डिझेलला ठिणगी पाडणारा प्लग नसतो, त्यानं पेटायचं ते त्या तापल्या हवेवरच. न जळलेलं डिझेल मग पांढरा धूर होऊन निघतं.

पेट्रोलची तऱ्हा वेगळी. माझ्या भाच्यानं टेक्सासात शेवरलेटच्या जुन्या पिकअपचं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन बांधलं आणि हौसेनं जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅम घातला. इनलेट-एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे राहण्याचा वेळ वाढला, आयडलला जळका वायू ताज्या हवेत मिसळू लागला आणि इंजिन घोड्यासारखं दुडकायला लागलं. मॅनिफोल्डमधली (हवा आत नेणाऱ्या नळीतली) व्हॅक्यूम घटली, त्यावर चालणारा ब्रेकचा बूस्टर आळसावला, पेडल दगड. त्याला तो आवाज आवडतो म्हणे! ज्याला १० टन ऊस ओढायचा आहे त्यानं कंपनीच्या मापाचाच कॅम घालावा.

त्या गिऱ्हाइकाला मी पदरमोड करून नवा कॅम बसवून दिला, पंपवाल्याची माफी मागितली. इंजिन बांधायला टाकणाऱ्यांनी एवढंच करावं: हेड बसवण्याआधी बाराही लोबची उचल आणि व्हॉल्व्ह मिटण्याचे अंश समोर उभं राहून मोजून घ्यावेत, बिलाच्या मागे लिहून घ्यावेत. तास-दीड तास जातो. आमची माणसं कंटाळा करतात, त्यांना चहा पाजावा.

– एक निवृत्त इंजिन फिटर, कोल्हापूर