प्रवचनाला उभा राहण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझ्या डीकनपदाच्या, म्हणजे याजक होण्याआधीच्या पायरीच्या, दीक्षेची तारीख ठरली हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. आता प्रवचनं करावी लागणार याचं दडपण आलंय, असं तू फोनवर म्हणालास. म्हणून आज संत योहान ख्रिसोस्तोम यांच्याविषयी लिहिते. प्रवचनकारांचे आश्रयदाते संत म्हणून सेमिनरीत तुम्ही त्यांचा अभ्यास करताच, पण मी त्यांच्या आईपासून सुरुवात करणार आहे.

त्यांचा जन्म 347 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या अंत्युखिया शहरात झाला. वडील लवकर वारले. आई अंथूसा तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केलं नाही, घरदार सांभाळलं आणि मुलाला उत्तमातलं उत्तम शिक्षण दिलं. योहानचे गुरू जुन्या ग्रीक देवांना मानणारे होते. या माउलीबद्दल ऐकून तेही म्हणाले, "ख्रिस्ती लोकांत काय एकेक बायका आहेत!" योहान संन्यास घ्यायला निघाले तेव्हा तिने त्यांचा हात धरून त्यांना आपल्या खोलीत नेलं, ज्या पलंगावर त्यांना जन्म दिला त्याच्याशेजारी बसवलं आणि रडत म्हणाली, "मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस. माझे डोळे मिटेपर्यंत थांब, मग कुठेही जा." हे त्यांनी स्वतःच याजकपदावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. तू सेमिनरीत जायचं म्हणालास तेव्हा मी गप्प राहिले होते. तो उतारा वाचताना माझे शब्द दुसऱ्या कुणीतरी बोलून दाखवल्यासारखं वाटलं.

पुढे ते डोंगरात गेले. चार वर्षं एका वृद्ध संन्याशाजवळ आणि दोन वर्षं गुहेत एकटे राहिले. तिथे झोप मोडून बायबल पाठ केलं, आणि त्या थंडीत पोट आणि मूत्रपिंडं कायमची बिघडली. तू रात्र-रात्र जागतोस म्हणून हे मुद्दाम लिहितेय. जेवण वेळेवर कर.

386 मध्ये ते याजक झाले आणि पुढच्याच वर्षी शहरावर संकट आलं. नव्या कराच्या रागात लोकांनी सम्राट थिओदोसियस आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. आता सैन्य येऊन शहर उद्ध्वस्त करणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. म्हातारे बिशप फ्लावियन दयेची याचना करायला राजधानी कॉन्स्टँटिनोपलकडे निघाले आणि मागे घाबरलेल्या लोकांना धीर द्यायचं काम योहानवर आलं. तो उपवासकाळ होता. ते प्रवचनांमागून प्रवचनं देत राहिले. शेवटी ईस्टरला माफीची बातमी आली.

त्यांना ऐकायला इतकी गर्दी व्हायची की खिसेकापू शिरायचे. पैशांची थैली घरी ठेवून या, असं त्यांना सांगावं लागे. लोक चर्चमध्ये टाळ्या वाजवत. टाळ्या नकोत म्हणून ते रागावले तर त्यालाही टाळ्या पडल्या! तुलाही कौतुक मिळेल, आवाज चांगला आहे तुझा. टाळ्यांनंतर त्यांनी काय केलं, ते तू बघावंस असं मला वाटतं.

398 मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलचे आर्चबिशप झाले. गेल्या-गेल्या त्यांनी बिशपांच्या घरखर्चाचा हिशेब मागवला. मेजवान्या बंद झाल्या. वाचलेला पैसा रुग्णालयांकडे वळवला, नवी रुग्णालयं उभारली, तिथे डॉक्टर आणि स्वयंपाकी नेमले. चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रं चढवायची आणि बाहेर तोच थंडीत उघडा कुडकुडत असताना नजर फिरवायची, हे चालणार नाही, असं ते मत्तयच्या शुभवर्तमानावर बोलताना म्हणाले होते. असं बोलण्याचा अधिकार त्यांना होता, कारण काटकसरीची सुरुवात त्यांनी स्वतःच्या पानापासून केली. पुढे विरोधकांनी 403 च्या धर्मसभेत त्यांच्यावर जे आरोप ठेवले, त्यात ते एकटेच जेवतात हाही एक होता. दुखणाऱ्या पोटाचा साधा माणूस एकटा जेवला, तर तोही गुन्हा झाला!

एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही. अंत्युखियात असताना त्यांनी यहुदी लोकांविरुद्ध आठ प्रवचनं दिली. ती वाचवत नाहीत. त्या शब्दांचा आधार घेऊन पुढच्या काळात यहुद्यांचा द्वेष पसरवला गेला. संत म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडते, पण ते बोलणं चुकीचंच होतं असं मला वाटतं. तुझ्यासमोर बसलेल्यांना शेजारच्या धर्माच्या माणसाचा तिटकारा येईल असं एकही वाक्य तुझ्या तोंडून निघू नये.

सम्राज्ञी युडोक्सियाशी त्यांचं बिनसलं, हे तुला ठाऊक आहेच. एकदा हद्दपार करून परत बोलावलं आणि 404 मध्ये कायमचं काढलं. आर्मेनियातल्या कुकुससहून ते ओलिंपियास या डीकन बाईंना पत्रं लिहीत. त्यातली सतरा आजही आहेत. थंडीने आजारी पडल्याचं, कुणी आस्थेने विचारपूस केल्याचं त्यात आहे, आणि त्या निराश होऊ नयेत म्हणून केलेली धडपड तर पानोपानी दिसते. ही पत्रं मिळवून वाचच. 407 मध्ये त्यांना काळ्या समुद्राकाठच्या पित्युसकडे आणखी दूर चालवत नेलं. वाटेतच, कोमाना इथे, 14 सप्टेंबरला ते गेले. "सर्व गोष्टींसाठी देवाचा गौरव असो" हे त्यांचे शेवटचे शब्द.

438 मध्ये त्यांचे अवशेष राजधानीत आणले तेव्हा युडोक्सियाच्याच मुलाने, दुसऱ्या थिओदोसियसने, आईवडिलांच्या वतीने क्षमा मागितली. नंतर ते अवशेष रोमला गेले आणि 2004 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख, पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांना परत दिले.

आपल्याकडे त्यांचा सण 13 सप्टेंबरला असतो. त्या दिवशी मिस्सात तुझ्यासाठी प्रार्थना करेन. पहिलं प्रवचन लिहून झालं की मला पाठव. कुठे लांबलं आणि कुठे कळलं नाही, ते स्पष्ट सांगेन.

तुझी,
आई