दहा मिनिटं पुरत नाहीत

आर्णी तालुका, जि. यवतमाळ
डिसेंबर 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

'कॉम्प्युटरवर टाकलेली नवी सिस्टिम, विंडोज 11, कशी चालते?' असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी 'बरी आहे' म्हणून विषय बदलला. समोर लोक बसले होते, त्यांच्या देखत काय सांगणार? आज लाइन गेली आहे आणि माझ्या ऑनलाइन कामांच्या सेंटरमध्ये कोणी नाही. इन्व्हर्टरवर एक दिवा लावून लिहायला बसलो. राजा, माझा फार हिरमोड झाला आहे.

तुला माझं मशीन माहीत आहे. 2019 ला आपण दोघांनी मिळूनच घेतलं होतं. चार कोरचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्डडिस्क. सहा वर्षं त्यानं सातबारा, आठ-अ, पीक विमा, पोरांचे फॉर्म असं सगळं काढून दिलं. जुन्या सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट येणं बंद होणार हे कळलं तेव्हा तू म्हणालास, लोकांचे आधार आणि बँकेची कामं तुझ्या हातून होतात, धोका घेऊ नको. ते मला पटलं, आजही पटतं. नवी सिस्टिम या मशीनवर चालेल का, याची तपासणी करून पाहिली तर सगळीकडे हिरवी खूण. किमान 4 जीबी रॅम लागते असं लिहिलेलं, माझ्याकडे तेवढीच होती. त्या खुणेवर मी विश्वास ठेवला आणि नवी सिस्टिम टाकली.

आता सकाळी बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. तेही मी सोसलं असतं. पण परवा जे झालं ते मनातून जात नाही.

आपल्या गावची एक मावशी केवायसीसाठी आली. कापसाची वेचणी सोडून आली होती, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. अंगठा काही लागेना. वर्षानुवर्षं बोंडं वेचून बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. कापसाच्या हंगामात माझ्याकडे अशा कितीतरी बाया येतात. "माह्या अंगठ्यात काही उरलंच नाही बाप्पा," ती म्हणाली. मग ओटीपीचा मार्ग धरला. नंबर तिच्या पोराच्या फोनवर, पोरगा वावरात. त्याला फोन लावला, त्यानं आकडे सांगितले आणि मी टाकायला गेलो तर पान पांढरं पडलं. कर्सर गोल गोल फिरत राहिला. आधारचा ओटीपी 10 मिनिटं चालतो. एवढा वेळ कोणालाही पुरायला हवा. पान जागं झालं, तोवर ओटीपी मेला होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पोरानं फोनच उचलला नाही. मावशी मला एक शब्द बोलली नाही. "उद्या येऊ का मंग?" एवढंच विचारलं, आणि मला तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही.

ती गेल्यावर टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून बसलो. प्रोसेसर 20 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ रिकामा. डिस्क 100 टक्के. रॅम काठोकाठ. मशीन नुकतं चालू केलं आणि एकही खिडकी उघडली नाही, तरी 4 पैकी 3 जीबी आधीच गेलेली असते. तू हे सगळं जाणतोस, तरी मला ते कसं दिसलं ते सांगतो. वेचणारी बाई कमरेला ओटी बांधते. ओटी भरली की कापसाच्या ओळीतून निघून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाते, गाठोड्यात कापूस रिकामा करते, परत येते. ओटी मोठी असेल तर दिवसभरात चार-सहा फेऱ्या. ती एवढीशी असेल आणि वर कोणी तिच्यात आधीच दगड भरून ठेवले असतील, तर मूठभर कापसामागे एक फेरी. बाईचे हात कितीही चपळ असोत, दिवस चालण्यातच जायचा. माझा प्रोसेसर त्या बाईसारखा झाला आहे; रॅम म्हणजे तिची ओटी आणि हार्डडिस्क म्हणजे धुऱ्यावरचं गाठोडं. रॅम भरली की सिस्टिम सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवते आणि लागलं की परत आणते. ती तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, ऐकायला केवढं वाटतं! पण रॅमच्या मानानं तिथून एखादी गोष्ट शोधून आणायला लाखभर पट वेळ लागतो. तोवर प्रोसेसरचे चार कोर, म्हणजे काम करणारे चार हात, धुऱ्याकडे डोळे लावून उभे राहतात.

ओटीत दगड कसले आहेत, हेही पाहिलं. काही पहारेकरी आहेत, व्हायरस तपासणारे, आतल्या भागाला कुंपण घालणारे. त्यांच्यावर माझा राग नाही. 2018 च्या जानेवारीत प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या चुका बाहेर आल्या तेव्हा तूच समजावलं होतंस की पुढची पायरी आधीच ओळखून ठेवायची प्रोसेसरची सवयच चोराला वाट देते, आणि ती वाट बुजवली की थोडा वेग जातोच. सुरक्षेसाठी वेग द्यायला मी तयार आहे. पण बातम्यांची पट्टी, हवामानाचं चित्र, मी कधी न मागितलेले अ‍ॅप, वापराची माहिती गोळा करून पाठवणारी कामं, ही माझ्या 4 जीबीत कशाला? मावशीच्या मजुरीतून यांचं भाडं का जावं?

कॉलेजच्या लॅबमधली मशीन आठवतात? 64 एमबी रॅम होती, माझ्या आजच्या रॅमचा चौसष्टावा भाग. त्यावर आपण पास्कलचे प्रोग्राम चालवायचो. ती भाषा करणारे निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जितक्या झपाट्यानं जलद होतं, त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंद होत जातं. तेव्हा ते वाक्य मला परीक्षेपुरतं वाटलं होतं.

जुन्या सिस्टिमवर परत जाता आलं असतं, 10 दिवसांची मुदत होती. पण पहिल्याच आठवड्यात जागा कमी पडते म्हणून तिचं फोल्डर मी स्वतः पुसलं. लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमचाही विचार केला, पण माझ्या अंगठ्याच्या यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, आणि त्याच्याशिवाय माझं दुकान नाही. जमेल तेवढं केलं आहे: सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले, बातम्यांची पट्टी काढली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

म्हणून तुला काम सांगतो. संक्रांतीला येशील तेव्हा पुण्याहून हार्डडिस्कच्या जागी 256 जीबीची एसएसडी आणि या बोर्डाला बसेल अशी 8 जीबीची रॅमपट्टी घेऊन ये. पैसे आधीच पाठवतो, नको म्हणू नकोस. एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही, म्हणजे धुरा निदान कापसाच्या ओळीजवळ येईल. आणि एक दिवस जास्त राहा. आपण दोघं बसून सिस्टिम कोरी टाकू, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते एकेक करून बघू. माझ्या एकट्याच्यानं धीर होत नाही, लोकांचे कागद त्यात आहेत.

तोवर मावशीला बुधवारी सकाळी सातला बोलावलं आहे, पोरगा वावरात जायच्या आधी. तो फोन घेऊन सोबतच येणार आहे. मी मशीन सहालाच चालू करून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. आईची तब्येत कळव.

तुझाच