व्हायोलाच्या खुर्चीवरून सरांना पत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापलेले आपल्याला आवडत नाही, म्हणून या पत्रातही ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानावेत असे फार दिवसांपासून मनात होते. पुण्यात पंधरा-सोळा हौशी वादक दर शनिवारी एकत्र बसून चेंबर ऑर्केस्ट्राचे, म्हणजे छोट्या वाद्यवृंदाचे, संगीत वाजवतात, यामागे कोणाचे कष्ट आहेत हे कार्यक्रमाला येणाऱ्या श्रोत्यांना कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

मी नारायण पेठेतली. माझे व्हायोलिनचे शिक्षण मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून आणि तारा षड्ज-पंचमात लावून झालेले. कॅम्पातल्या त्या शाळेच्या सभागृहात मी पहिल्यांदा आले तेव्हा पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत जागा मिळेल अशी आशा होती. आपण माझी बोटे पाहिलीत आणि व्हायोला हातात दिलात. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, एका पंचमाने खाली लागणारा, आणि ज्याचे स्वरलेखनही वेगळ्याच संकेताने, आल्टो क्लेफमध्ये, वाचावे लागते असा. मी नाराज झाले होते, आणि ते आपल्याला दिसले असणारच. आपण एवढेच म्हणालात की, चेक संगीतकार द्वोर्झाक प्रागच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात कित्येक वर्षे हेच वाद्य वाजवत होते.

त्याच द्वोर्झाक यांची तंतुवाद्यांसाठीची ‘सेरेनाद’ ही रचना आपण आम्हाला बसवायला दिलीत. मे १८७५ मध्ये त्यांनी ती अवघ्या बारा दिवसांत लिहिली. सुरुवातीची चाल दुसरी व्हायोलिने आणि चेलो एकमेकांना देत-घेत पुढे नेतात, आणि त्यांच्याखाली व्हायोला सारख्या मापाचे छोटे स्वर शांतपणे धरून ठेवतो. ऐकणाऱ्याच्या कानात चाल राहते, पण ती ज्या श्वासावर उभी असते तो श्वास व्हायोलाचा असतो. आमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात नेमकी मी तेथे घाई केली. समेवर येण्याची सवय असलेला माझा हात पुढे पळाला, दुसरी व्हायोलिने मागे पडली, आणि ते कोमल सुरुवातीचे पान संपेपर्यंत सावरले नाही. कार्यक्रमानंतर आपण मला एक शब्दही बोलला नाहीत. पुढच्या शनिवारी माझ्या स्टँडवर माझ्या पार्टची, म्हणजे माझ्या वाद्यापुरत्या स्वरलेखनाची, नवी प्रत होती, आपल्या हाताने उतरवलेली. तिच्यात गज वर न्यायचा की खाली याच्या नेहमीच्या खुणा होत्याच. शिवाय जेथे जेथे मला विराम होता, तेथे तेथे त्या मोकळ्या जागेत बारीक पेन्सिलीने मराठीत लिहिले होते : ‘येथे चेलो ऐका’, ‘येथे दुसरे व्हायोलिन श्वास घेते’, आणि एके ठिकाणी नुसतेच ‘थांबा, बास येऊ द्या’ (बास म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांचे मोठे तंतुवाद्य). मी तोवर विराम मोजत असे. ते ऐकण्यासाठी असतात हे मला त्या पानाने शिकवले.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलची हकीकत आपण सांगितलीत तीही अशाच एका शनिवारी, तालीम संपल्यावर, खुर्च्या रचता रचता. पॉल झाखर या विशीतल्या तरुणाने १९२६ साली ऱ्हाईनकाठच्या त्या शहरात चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला. मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदांशी स्पर्धा करायची नाही, हे त्याने पहिल्यापासून ठरवले होते. इतरांनी बाजूला ठेवलेले दोन टोकांचे संगीत त्याने हाती घेतले : एकीकडे अभिजात काळाच्याही आधीचे जुने, आणि दुसरीकडे शाई न वाळलेले नवे. वाद्यवृंदाच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी त्याने हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांच्याकडे नवी रचना मागितली, आणि तंतुवाद्ये, तालवाद्ये व चेलेस्टा (घंटांसारखा नाद देणारे पट्ट्यांचे वाद्य) यांच्यासाठीची ती प्रसिद्ध रचना २१ जानेवारी १९३७ रोजी बाझलमध्ये प्रथम वाजली. तीत तंतुवाद्यांचे दोन गट रंगमंचाच्या डाव्या-उजव्या बाजूंना बसतात आणि एकमेकांना उत्तरे देतात. मार्टिनू आणि स्ट्राविन्स्की या संगीतकारांकडूनही या वाद्यवृंदासाठी रचना आल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध अगदी दाराशी आलेले असताना, झाखर यांनी बार्टोक यांना आल्प्समधल्या आपल्या घरी ठेवून घेतले आणि तेथे सुमारे पंधरा दिवसांत ‘डिव्हर्टिमेंटो’ ही तंतुवाद्यांची रचना तयार झाली. जुन्या काळी कलेच्या आश्रयदात्याकडे पाहुणा राहणाऱ्या संगीतकारासारखे आपल्याला वाटते आहे, अशा अर्थाचे पत्र बार्टोक यांनी तेथून मुलाला लिहिले होते. हे सांगताना आपण क्षणभर थांबलात आणि म्हणालात, शहराला वाद्यवृंद हवा असेल तर कोणीतरी खोली झाडून ठेवावी लागते.

सर, ती खोली आपण आमच्यासाठी झाडून ठेवलीत, हे मी अक्षरशः लिहीत आहे. सभागृहाची किल्ली, पंख्याच्या वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून लाकडी चिमटे, उशिरा येणाऱ्यासाठी राखलेली खुर्ची, गजाला लावायच्या रोझिनची (राळेची) जादा वडी, हे सर्व आपल्या कापडी पिशवीत असते. आपल्या वडिलांनी व्हायोलिनवादक मेहली मेहता यांचा, १९३५ साली स्थापन झालेला, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुंबईत ऐकला होता, आणि तेव्हापासून आपल्या घरात जमत गेलेले जुने पार्ट आज आमच्या स्टँडवर आहेत.

गेल्या जुलैत माझ्या व्हायोलाचा खालच्या बाजूचा सांधा उकलला, तेव्हा वाद्य कायमचे गेले असे समजून मी रडवेली झाले होते. आपण ते खिडकीच्या उजेडात तिरके धरून मला फट दाखवलीत आणि समजावलेत की पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि तेव्हा सरसाने सुटावे म्हणूनच तो सांधा सरसाने जोडलेला असतो. पक्का गोंद असता तर सांध्याऐवजी लाकूडच तडकले असते. मग पाण्याच्या भांड्यात सरसाची वाटी ठेवून तो मंद आचेवर पातळ केलात, पातळ सुरीच्या पात्याने फटीत सोडलात, आणि शिकंजे लावून वाद्य दोन दिवस स्वतःच्या कपाटावर ठेवलेत. मी पैशांचा विषय काढला तेव्हा आपण विषय बदललात, म्हणून तो येथेही काढत नाही.

आपण आमच्यासमोर संचालकाची छडी घेऊन कधी उभे राहिला नाहीत, याबद्दलही आभार मानायचे आहेत. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून संचालकाविना वाजवत आला आहे, हे मी नंतर वाचले. आपण शेवटच्या रांगेत बसून फक्त ऐकत होता आणि आम्हाला एकमेकांकडे पाहायला भाग पाडत होता, हे तेव्हा उमगले. पहिले व्हायोलिन वाजवणारी आमची मैत्रीण आता सुरुवातीला श्वास घेते तो मला पाठीमागे, दोन खुर्च्या सोडूनही, कळतो.

या वर्षी आम्ही ‘डिव्हर्टिमेंटो’चा मधला, संथ भाग हाती घेत आहोत. आमची संख्या त्याला थोडी अपुरी आहे आणि चेलोवाल्यांना आणखी एक साथीदार हवा आहे, तरीही सुरुवात करतो आहोत. प्रकृतीमुळे आपल्याला जिने चढणे जमत नाही, म्हणून तालीम पुढच्या महिन्यापासून तळमजल्यावरच्या वर्गात हलवली आहे आणि आपली खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. सेरेनादच्या प्रती कपाटात ठेवण्यापूर्वी सर्वांनी रीतीप्रमाणे पेन्सिलीच्या खुणा खोडून दिल्या. माझी प्रत मी खोडलेली नाही. आपली परवानगी असेल तर ती माझ्याजवळच ठेवते.

आपली कृतज्ञ,
व्हायोलाच्या दुसऱ्या खुर्चीवरील विद्यार्थिनी
पुणे